मिस्त्रींची खोकी : मुक्तहस्त रेखाटनातला हात आणि अंदाज

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमध्ये किचन ट्रॉली, वॉर्डरोब, टीव्ही युनिट अशी कामं करणाऱ्या एका सुतारांचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि राहण्याचा भाग दिलेला नाही. साइटवर सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, इथेही तेच म्हणू. वय पन्नाशीच्या जवळपास. त्यांनी उभं केलेलं कपाट गुण्याबाहेर, म्हणजे काटकोन सोडून गेलेलं मी पाहिलेलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि रविवारी सकाळी पंचवटीत रेखाटनाचा वर्ग घेते. मिस्त्रींची मुलगी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीसाठी तिथे यायची. तिला सोडायला येणारे मिस्त्री काही दिवसांनी मागच्या बाकावर बसू लागले, आणि एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, मला खोकी काढायला शिकवाल का?"

त्यांची गरज अगदी नेमकी होती. मोठ्या कामांवर इंटिरियर डिझायनर थ्रीडी चित्रं देतो. छोट्या फ्लॅटमधलं गिऱ्हाईक तो खर्च करत नाही, पण "मिस्त्री, दिसेल कसं ते दाखवा ना," हे म्हणतंच. मिस्त्री प्लॅन आणि समोरून दिसणारा आराखडा मापासकट उत्तम काढतात. गिऱ्हाइकाला मात्र तो वाचता येत नाही. मग ते कोपऱ्यातून दिसणारं चित्र काढायला घेत, दोन-चार रेघांतच ते वाकडं व्हायचं, आणि कागद बाजूला ठेवून हवेत हातवारे करून समजावण्यावर गाडी यायची.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या दिवशी मी त्यांना एका भिंतीचं स्वयंपाकघर काढायला सांगितलं : खाली ट्रॉल्यांचा ओटा, वर लॉफ्टशिवाय कपाटांची ओळ, बाजूला एक उंच युनिट. चित्रात तीन गोष्टी दिसल्या.

एक, रेघ. प्रत्येक कड पाच-सहा तुटक फराट्यांची बनलेली. आधी हलकी, मग तिच्यावर दुसरी, मग खोडरबर, मग जोर देऊन तिसरी.

दोन, वरच्या कपाटांचे माथे दिसत होते. ओट्याचा माथा दिसतो, तसाच त्यांनी वरच्या कपाटांचाही काढला होता. त्यामुळे ओटा उभ्या माणसाने पाहिलेला आणि वरची कपाटं माळ्यावर चढून पाहिलेली, असं काहीतरी एकाच कागदावर आलं होतं.

तीन, लांबचं शटर, म्हणजे कपाटाचं दार, जवळच्या शटरएवढंच. हे त्यांनी जाणूनबुजून केलं होतं. "दोन्ही शटर पंधरा इंची आहेत. लांबचं बारीक काढलं तर गिऱ्हाईक म्हणेल मापात खोट आहे," असं त्यांचं म्हणणं. माप माहीत असलं की डोळा जे पाहतो त्यावर ते मात करतं. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. मापावरच पोट असणाऱ्या माणसाच्या बाबतीत जास्त होतं.

मिस्त्रींचं स्वतःचं निदान मात्र एकच होतं : "हात थरथरतो, म्हणून खोकं वाकडं येतं." मी त्यांच्या हातात पट्टी दिली आणि तेच चित्र पुन्हा काढायला लावलं. रेघा सुबक आल्या. खोकी तेवढीच वाकडी आली. या प्रकरणात पुढे जे काही झालं ते या एका चाचणीवर उभं आहे. रेघेचा आत्मविश्वास आणि पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे जवळचं-लांबचं डोळ्याला दिसतं तसं काढण्याची, अचूकता ही दोन वेगळी दुखणी होती. खोकं चुकत होतं ते पेन टेकण्याआधी, रेघेची दिशा ठरवताना. आणि खोकं चुकतं हे अनुभवाने माहीत असल्यामुळे हात घाबरून फराटे मारत होता.

कोणते पर्याय होते

मुलीने मोबाइलवरचं थ्रीडी ॲप सुचवलं. ते टाकाऊ नव्हतं. ठरलेल्या कामासाठी मिस्त्री आज तेही वापरतात. पण गिऱ्हाईक प्रश्न विचारतं ते ओट्यापाशी उभं राहून, आणि उत्तर तिथेच लागतं.

दुसरा पर्याय आयसोमेट्रिक ठिपक्यांच्या कागदाचा. त्यात आडव्या कडा ३० अंशांत जातात, समांतर राहतात आणि माप कागदावर मोजता येतं. सुताराच्या डोक्याला हे लगेच पटतं. एकच ड्रॉवर किंवा जोड समजावायला यासारखं साधन नाही, असं मी आजही म्हणेन. पण यात पाहणारा कायम वरूनच पाहतो. वरच्या कपाटांचे माथे दिसण्याचा दोष यात दोष राहत नाही, नियमच होतो. गिऱ्हाइकाला दारातून काय दिसेल, ते यातून कळत नाही.

तिसरा, दोन व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे समांतर कडा लांब जाऊन जिथे भेटल्यासारख्या दिसतात ते बिंदू, मांडून पट्टीने रीतसर रचना करायची. एका व्हिडिओवरून मिस्त्रींनी हे करून पाहिलं होतं. ए-४ कागदाच्या दोन टोकांना दोन बिंदू आणि सगळ्या रेघा तिकडे. खोकी टोकदार, पुढे झेपावल्यासारखी आली. कारण सरळ आहे : बिंदू एकमेकांच्या फार जवळ होते. काटकोनी वस्तूचे दोन बिंदू बहुतेक वेळा कागदाच्या बरेच बाहेर असतात. एक बाजू जितकी आपल्यासमोर सपाट येते, तितका तिचा बिंदू लांब पळतो आणि दुसरीचा जवळ येतो. कागदाबाहेरच्या बिंदूकडे पट्टी लावता येत नाही. म्हणजे तो बिंदू न दिसताही रेघा त्याच्याकडे झुकवण्याचा अंदाज, हेच खरं शिकायचं होतं.

म्हणून चौथा पर्याय घेतला : सगळं मुक्तहस्त काढायचं आणि काढून झाल्यावर पट्टीने तपासायचं. पट्टी काढण्यासाठी वापरायची नाही.

पहिला निर्णय : रेघ आणि खोकं वेगळ्या पानांवर

दोन दुखणी वेगळी असतील तर औषधही वेगळं हवं. सुरुवातीची पानं नुसत्या रेघांची ठेवली. खोकं नाही, आकार नाही. पेन्सिल बंद, जेल पेन सुरू, म्हणजे खोडायचा प्रश्नच नाही. कागद टेबलावर सपाट न ठेवता पाट तिरका केला. सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्याला आखूड दिसतो आणि चित्र नकळत उभं ताणलं जातं. मनगट अडकवून खांद्यातून हात हलवायचा. दोन ठिपके द्यायचे, पेन न टेकवता त्या वाटेवरून दोन-तीनदा हात फिरवायचा, मग न थांबता एकदाच रेघ ओढायची. चुकली तर चुकली. तिच्यावर दुसरी रेघ नाही.

शेवटचा नियम त्यांना सगळ्यात जड गेला. पण दुसऱ्याच रविवारी ते म्हणाले, "हे दोरी मारण्यासारखंच आहे की." रंगात भिजवलेली दोरी प्लायवर दोन खुणांमध्ये ताणायची आणि एकदाच फटकारायची, दोनदा फटकारली तर दोन रेषा उठतात आणि करवत कुठली धरायची ते कळत नाही. माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा या तुलनेने जास्त काम केलं. रेघ थरथरते ती बहुतेकदा हात कच्चा म्हणून नाही, तर ओढता ओढता डोळा तिला दुरुस्त करत राहतो म्हणून. निर्णय आधी घेतला की ओढताना दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही.

खोक्यांच्या पानावर उलटा नियम. तिथे रेघेच्या दर्जाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, फक्त दिशा बघायची.

दुसरा निर्णय : घाटावर जायचं

वरच्या कपाटांच्या माथ्यांचा प्रश्न वर्गात सुटेना. डोळ्याची पातळी हा शब्द मिस्त्रींना पाठ झाला होता, दिसत मात्र नव्हती. तेव्हा दोन मार्ग होते. एक, वर्गातच खोकी वरखाली ठेवून दाखवणं. दुसरा, जिथे एकाच वेळी पातळीच्या वरचं आणि खालचं दिसतं अशा ठिकाणी जाणं. आम्ही गोदाघाटावर गेलो.

पाण्यालगतच्या पायरीवर उभं राहून वर चढत जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं की खालच्या पायऱ्यांचे माथे दिसतात. वर जाऊ तसे ते बारीक होत जातात. एका पायरीपाशी माथा नाहीसा होतो, आणि तिच्या वर फक्त उभे दगड दिसतात. ती पायरी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. दोन पायऱ्या वर चढलात की तीही दोन पायऱ्या वर सरकते. मिस्त्री चढत-उतरत राहिले आणि दर वेळी हात आडवा धरून ती जागा दाखवत राहिले. जवळच १७४७ सालचं नारोशंकराचं मंदिर आहे. त्याच्या आवाराला तटासारखी भिंत आहे. तिच्या वरच्या कडेशी पेन्सिल धरून एक डोळा मिटला, तर ती कड लांब जाताना खाली उतरते आणि पायथ्याची कड वर चढते. सपाट जागेवर आपल्याच उंचीची माणसं जवळ असोत की लांब, त्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात, हेही तिथेच गर्दीत दिसलं.

परत आल्यावर पुढची युक्ती मिस्त्रींनीच काढली. काम सुरू करण्याआधी ते भिंतीवर पाण्याच्या नळीने लेव्हल मारतातच. आता आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण पाच फुटांवर, मास्किंग टेपची एक पट्टी ते वेगळी लावू लागले. ओटा ३४ इंचांवर, म्हणजे पट्टीच्या बराच खाली : माथा दिसणार, मागे जाणाऱ्या कडा वर चढणार. वरच्या कपाटाचा तळ जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर, पट्टीच्या जरासाच खाली : ती कड जवळजवळ आडवी. त्याच कपाटाची सात फुटांवरची कड मात्र ठळकपणे खाली उतरणार, आणि माथा दिसणार नाही. स्वयंपाकघराचं अर्धं चित्र या तीन वाक्यांत ठरतं. टेपनंतर माथ्यांचा दोष परत आला नाही.

तिसरा निर्णय : तपासणी कशी करायची

खोक्याला १२ कडा असतात. चार-चारचे तीन गट, प्रत्येक गट प्रत्यक्षात समांतर, म्हणून चित्रात प्रत्येक गटाच्या चारही रेघा एकाच बिंदूकडे जायला हव्यात. पान भरलं की मिस्त्री तीन रंगांच्या पेनांनी, पट्टी लावून, प्रत्येक गट पाहणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने लांबवायचे. स्वयंपाकघराच्या चित्रात नजर सरळ समोर असते, म्हणून उभ्या कडा उभ्याच ठेवायच्या आणि दोनच गट तपासायचे. हवेत कसंही फिरवलेलं खोकं असेल तर तिन्ही.

फिरवलेल्या खोक्यासाठी मी जवळच्या कोपऱ्याचा नियम सांगितला : तीन बाजू दिसत असतील तर त्या कोपऱ्याशी मिळणाऱ्या तीन रेघांमधला प्रत्येक कोन काटकोनापेक्षा मोठा हवा. मिस्त्रींनी खिशातून छोटा गुण्या काढला आणि कोनांवर ठेवून पाहिला. कोन गुण्याच्या आत मावला की खोकं बाद. व्हिडिओवाल्या जुन्या चित्रातल्या ओट्याच्या माथ्यावर ठेवला, तर तोही बाद ठरला. बिंदू जवळजवळ ठेवल्याचा दोष याच चाचणीत सापडतो. खोकं नजरेच्या मध्यापासून फार बाजूला असेल तर मात्र हा नियम सैल पडतो. म्हणून खोकी पानाच्या मधल्या भागात ठेवायची, असं ठरवलं.

कुठे अडलं

इथवर आल्यावर प्रगती थांबली. खोकं काचेचं असल्यासारखं मागच्या तीन लपलेल्या कडाही काढायच्या, असा माझा आग्रह होता. मागच्या कोपऱ्यात त्या तीन रेघा एकत्र येईनात. दर वेळी छोटासा त्रिकोण उरायचा. तो झाकण्यासाठी मिस्त्री परत फराटे मारू लागले. जो आत्मविश्वास कमावला होता तो याच कोपऱ्यात गळत होता.

मागच्या कडा सोडून देणं हा सरळ मार्ग होता. किचनच्या चित्रात त्यांची गरज नसते आणि मिस्त्रींचीही तीच मागणी होती. मी नाही म्हटलं, कारण दिसणाऱ्या नऊ कडांमधल्या बारीकसारीक चुका त्या कोपऱ्यात जमा होऊन उघड होतात. त्याऐवजी जुनी पानं काढून बसलो आणि रंगीत रेघा नुसत्या पाहिल्या. दोष पानोपानी एकच होता. एका फळीच्या दोन कडा आपसात छान मिळत होत्या. समोरच्या फळीच्या दोन कडाही आपसात मिळत होत्या. पण पहिल्या जोडीचा बिंदू एकीकडे आणि दुसरीचा भलतीकडे.

मिस्त्री प्लाय फळीफळीने कापतात आणि चित्रही फळीफळीनेच काढत होते. प्रत्येक फळी आपापली बरोबर होती. मला हे निदान फार मोलाचं वाटतं, कारण "अजून सराव करा" असं म्हणून मी थांबले असते तर त्यांनी हीच चूक अधिक सफाईने केली असती.

उपाय म्हणून काढण्याचा क्रम बदलला. जवळचा कोपरा काढून झाला की पुढची कड शेजारच्या कडेकडे बघून काढायची नाही. तिच्या गटातल्या चारही रेघांवरून, आधी हवेतच, हात फिरवायचा, चौघी लांब कुठे जाऊन भेटतील ते पाहायचं, मग ठिपका द्यायचा. चौघींपैकी मधल्या दोघींमधला फरक अगदी थोडा असतो, त्यामुळे त्या जवळजवळ समांतर आल्या तरी चालतं. बाहेरच्या दोघी नीट पकडायच्या. खोकी संथपणे निघू लागली, पानावर कमी मावू लागली. त्रिकोण लहान होत गेला. पूर्ण गेला नाही, आणि मुक्तहस्त चित्रात तो पूर्ण जावा अशी अपेक्षाही मी धरत नाही.

निष्पत्ती

पावसाळ्यात सुरू झालेलं हे काम दिवाळीच्या हंगामापर्यंत चाललं. त्या हंगामात मिस्त्रींनी पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर पेनने चित्र काढलं. घरातल्या बाईंनी ते पाहून विचारलं, "वरची कपाटं एवढी खाली येतात का? माझं डोकं लागेल." तळ दोन इंच वर घ्यायचा तिथेच ठरलं. याआधी असा बदल कपाट टांगल्यावर व्हायचा आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा यावर बोलणी व्हायची. माझ्या लेखी या प्रकरणाचं यश या एका प्रश्नात आहे : चित्र इतकं खरं होतं की बाईंना त्यात आपलं डोकं दिसलं.

उणिवा आहेत. उभ्या रेघा, विशेषतः उभं राहून काढताना, अजून उजवीकडे कलतात. कुणी पाहत असलं की रेघेचा वेग मंदावतो. तेव्हा मिस्त्री ठिपके देऊन क्षणभर थांबतात आणि मग ओढतात. गोल सिंक आणि नळ त्यांना जमत नाही, कारण लंबवर्तुळाला आम्ही हातच घातलेला नाही. आणि लांबचं शटर ते आता लहान काढतात, पण त्यावर पंधरा इंच असं माप मात्र लिहितातच. ती सवय मी मोडायला सांगितलेली नाही. ती त्यांच्या कामाची गरज आहे.

पुन्हा करायचं झालं तर

घाट आधी, रेघांची पानं नंतर. डोळ्याची पातळी एकदा दिसल्यावर मिस्त्रींच्या हातात जी खात्री आली, ती नुसत्या रेघांच्या सरावातून आली नव्हती. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांना हा क्रम लागू होईलच असं नाही. त्यांचा हात सहसा सैल असतो आणि घाई जास्त असते. त्यांच्यासाठी मी तपासणीपासून सुरुवात करेन.

खोकी पहिल्यापासून मोठी हवीत, तळहाताएवढी तरी. अंगठ्याएवढ्या खोक्यात मनगटच काम करतं, आणि कड इतकी आखूड असते की तिची दिशा चुकली आहे की बरोबर, हे नजरेला कळत नाही.

रंगीत तपासणी पान पूर्ण झाल्यावरच करावी. मधले काही आठवडे मिस्त्री प्रत्येक खोक्यानंतर पट्टी लावत होते आणि पुढचं खोकं परीक्षेच्या धाकात काढत होते. पानभर खोकी एकदम तपासली की एखादी चूक दिसत नाही, चुकीची सवय दिसते, आणि दुरुस्त करायची असते ती सवय.

सध्या प्रश्न आहे तो एल आकाराच्या ओट्याचा. नजरेच्या साठ अंशांच्या कोनात जे मावतं तेवढंच न ताणता काढता येतं, हा चित्रकारांचा नेहमीचा हिशेब. दहा फुटांची भिंत तेवढ्या कोनात बसवायची तर साधारण पावणेनऊ फूट मागे उभं राहावं लागतं. आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात तेवढी जागा नसते. त्यामुळे मिस्त्री दाराबाहेर, हॉलमध्ये जाऊन उभे राहतात, टेपची पातळी तिथून धरतात, आणि मधली भिंत कागदावर गाळून टाकतात.